देवाचा गूळ कमी होतोय

माझं वजन किलोभर उतरलं की सांगलीत आमच्या घरी आनंदीआनंद, आणि तिकडं कराडच्या पुढं, माझ्या माहेरी, आईचं तोंड सुतक पडल्यासारखं. असं जवळजवळ वर्षभर चाललं. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. आधी जावयाची चौकशी, मग उसाची तोड कुठवर आली ते, आणि मग आवाज खाली घेऊन, "किती भरलीस गं?"

"शहाऐंशी."

"आगं बया! मागल्या ऐतवारी अठ्ठ्याऐंशी व्हतीस की!"

लेक वाळली म्हणून हळहळणाऱ्या आया घरोघरी असतात. माझ्या आईचं दुखणं वेगळंच होतं. तिला देवाची काळजी लागली होती. पुण्याच्या दवाखान्यात मला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ती बाहेर बाकड्यावर बसून म्हसवडच्या सिद्धनाथाला बोलली होती, की माझी लेक धडधाकट बाहेर येऊ दे, तिच्या भाराएवढा गूळ तुला वाहते. नेमकं त्याच सकाळी सिस्टरनं काट्यावरचा माझा आकडा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वाचला होता. एकशे बारा. आईनं तो पक्का ध्यानात ठेवला. म्हणजे देवाला शब्द गेला एकशे बारा किलोंचा, आणि मी इकडं रोज सायकलवर टांग मारून देवाचा गूळ कमी करत होते.

आता कुणी म्हणेल, मग लगेच जाऊन नवस फेडून मोकळं व्हायचं, एवढं लांबवायचं कशाला? त्याला कारण होतं, आणि ते कारण आमच्याच गुऱ्हाळात आढ्याला टांगलेलं होतं.

आमचं घर उसाचं, गुऱ्हाळ घरचं. तिथं एक जुना तराजू आहे, जाड साखळ्यांना दोन फळ्यांची पारडी असलेला. मी नववीत असताना आमच्या थोरल्या चुलत्यांनी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, एकदा गंमत म्हणून मला उचलून पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या बाजूला ढेपा चढवायला सुरुवात केली. आमच्याकडं गुळाची ढेप दहा किलोची आणि भेली एक किलोची. रस आटवायच्या चुलाणावरची माणसं, ऊस घेऊन आलेले गाडीवान, सगळे गोळा झाले. आप्पा मोठ्यानं मोजत होते. सहा ढेपा झाल्या, वर दोन भेल्या झाल्या, तेव्हा कुठं मी जमिनीवरनं उचलले गेले. "सहा ढेपांची पोरगी रं!" आप्पा म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव 'ढेप' पडलं. मी सायकलनं शाळेला जायची, तर पोरं मागनं ओरडायची, "ए ढेप, टायर बसला बघ!" महिन्याभरात मी सायकल धाकट्या भावाला देऊन टाकली आणि चालत जाऊ लागले. त्या तराजूला मात्र मनातल्या मनात बजावून ठेवलं होतं, की जीव गेला तरी तुझ्यात पुन्हा बसणार नाही.

आणि आई मला बसवायला निघाली होती नेमकी त्याच पारड्यात. दुसरा कुठला काटा तिला चालणार नव्हता. नंबर दाखवणाऱ्या काट्यावर देवाचा भार होत नाही, असं तिचं म्हणणं.

तीस वर्षांत सहा ढेपांच्या अकरा झाल्या. कशा झाल्या ते सांगत बसत नाही, आमच्याकडं जेवणाचा आग्रह कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात. गुडघे बोंबलायला लागले, रक्तात साखर आली, झोपेत श्वास अडकायला लागला. विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीला, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात तीनदा थांबायची, आणि दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरच्या नोटिसा वाचायची. त्या कॉलेजात माझ्याइतक्या नोटिसा प्राचार्यांनीसुद्धा वाचल्या नसतील.

डॉक्टरीणबाई मोठ्या मिश्कील होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही एक अख्खं माणूस अंगावर घेऊन फिरताय. त्याला खाली उतरवू या." पोट कापून केळ्याएवढं ठेवणार, हे ऐकल्यावर आईनं कपाळाला हात लावला होता. "देवानं दिलेलं धडधाकट पोट कापायचं? आन् खायाचं कशात?" पण मी हटून बसले आणि ती रडत रडत पुण्याला आली. ऑपरेशन नीट झालं. पहिले काही दिवस नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग पातळ, मग मऊ, मग चार घास. पाचवा घास घेतला तर पोट असं काही कान उपटायचं, की सहावा घ्यायची छाती व्हायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. मी चालले, दोन महिने चालले. पाय चालायचे, पण जीव कंटाळायचा. तेच कुंपण, तीच कुत्री, तेच निवृत्त गृहस्थ तेच राजकारण बोलताना. एका सकाळी कॉलेजची एक मुलगी शेजारनं सायकलवर सुर्रकन गेली आणि ती वळणाआड होईस्तोवर मी बघत उभी राहिले. घरी येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "अहो, मला सायकल पाहिजे."

हे वर्तमानपत्रातनं डोकं वर न काढता म्हणाले, "घे की. तीनचाकी घे."

दुकानदारानं विचारलं, "कुणाला, मुलाला का?" मी म्हणाले, "मला." बिचाऱ्यानं चेहरा सरळ ठेवला, त्याचं कौतुकच. फक्त कॅरिअर पाहिजे म्हटल्यावर तो कळवळला. "गिअरच्या सायकलला कॅरिअर शोभत नाही ताई." म्हटलं, "मला शोभेला नको, डब्याला पाहिजे. चांगलं दणकट बसवा."

कॉलेजच्या मैदानावर सकाळी सहाला शिकायला लागले. ह्यांनी सीट धरली आणि मागं पळू लागले. दुसऱ्या फेरीला धापा टाकत म्हणाले, "अगं, तुझ्याआधी माझंच वजन उतरणार असं दिसतंय." तिसऱ्या फेरीला मी सायकलसकट कण्हेरीत गेले. चौथ्या फेरीला काय झालं देव जाणे, हँडल सरळ झालं, पायांना आठवलं आणि मी निघाले. नववीतल्या त्या पोरीनं जिथं सायकल ठेवली होती, तिथनंच मी ती उचलल्यासारखं वाटलं. मैदानाला अकरा फेऱ्या मारल्या आणि उतरता येईना म्हणून बारावी.

मग काय, मला ऊतच आला. पहाटे उठून हरिपूरला जायचं, चिंचांच्या खालनं, संगमावर जाऊन नदी बघत दोन उकडलेली अंडी खायची आणि परत. नंतर मिरज. नंतर तासगावच्या रस्त्याला. एकदा एका उतारावर तोंडात वारा गेला आणि मी एकटीच मोठ्यानं "आयला!" म्हणून ओरडले. समोरनं येणारा दूधवाला कॅन सावरत बाजूला झाला. शेहेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की माझ्या मांड्या नुसत्या एकमेकींना घासायला दिलेल्या नाहीत. जिन्यातल्या नोटिसा वाचायच्या राहून जायला लागल्या. एकदा तर पगारवाढीचीच नोटीस राहिली.

आणि इकडं दर रविवारी किलो-दोन किलोनं देवाचा गूळ घटत होता. दिवाळीच्या आसपास मी पंचाहत्तरवर आले, तेव्हा आईनं स्पष्टच सांगितलं, "आता सायकल बास कर. गुऱ्हाळ सुरू झालंया. येऊन पारड्यात बस एकदाची. देवाला काय तोंड दावू मी?"

मी म्हणाले, "त्या पारड्यात मी बसणार नाही."

"मग नवस कसा फिटायचा?"

माझी जीभ घसरली. "तुला लेक पाहिजे का गूळ पाहिजे, ते एकदा ठरव!"

तिनं फोन ठेवला. पुढचा रविवार गेला, फोन नाही. त्याच्या पुढचाही गेला. मीही ताठा धरून बसले, तिचीच लेक मी. तिसऱ्या रविवारी भावाचा फोन आला. तोच आता गुऱ्हाळ बघतो.

"आक्का, आईनं शपथ घातलीया, पर तुला सांगतोच. तुझं आपरेशन झाल्यापासनं आई अनवाणी हाय."

"म्हणजे?"

"नवस फिटंस्तवर पायात घालणार न्हाई म्हणालीया. उन्हाळा तसाच काढला. परवा उसाचं धसकट टाचंत घुसलं, पाय सुजलाय. पट्टी बांधून दिली तर तशीच रानात निघाली."

मी स्वयंपाकघरात खाली बसले. आधी मला तिचा असा राग आला म्हणता! सत्तरी उलटलेली बाई, तोडलेल्या उसाच्या रानात, जिथं पोरं बूट घालून जायला भितात, तिथं वर्षभर अनवाणी. आणि दर रविवारी मला विचारतेय, किती भरलीस गं. मग राग कुठं गेला कळलं नाही आणि मी ढसाढसा रडले. माझ्या एका जुन्या लाजेपायी तिच्या टाचेत धसकट गेलं होतं.

भावाला म्हटलं, तिचं पाऊल सुतळीनं मापून मला सांग आणि तिला सांग, शनिवारी मी पारड्यात बसायला येतेय. सांगलीत जाऊन मऊ चामड्याच्या चपला घेतल्या आणि पिशवीत घालून कॅरिअरला बांधल्या.

हे म्हणाले, "गाडीनं जाऊ की सरळ."

"नको. गाडीनं गेले तर तराजू बघून मागं फिरेन. सायकलनं गेल्यावर मागं फिरायची ताकदच राहणार नाही."

ह्यांना ते पटलं. शिवाय मला आईला दाखवायचं होतं, की तिच्या देवाचा गूळ मी कुठं उधळला नव्हता, पायात घातला होता. शनिवारी पहाटे निघालो. मी सायकलवर आणि हे मागनं स्कूटरवर, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून. कृष्णेवरचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं. आष्ट्याला पहिला थांबा, वाटीभर दही. इस्लामपूरला ताक. माझं खाणं चिमणीचं, त्यामुळं दर तासाला थांबावं लागायचं, आणि दर थांब्याला हे मात्र पोटभर नाष्टा करायचे. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागनं जाताना पडलेल्या कांड्या चुकवत चाललो होतो. एका टपरीवर एक म्हातारबाबा म्हणाले, "आवं ताई, सांगलीवरनं सायकलीवर? गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाई बाबा, आता कुठं चालू झालीया," मी म्हणाले. बाबा इतके हसले, की चहा सांडला.

महामार्गाला लागल्यावर वारं समोरनं आलं. पाय भरून आले, मांडीत गोळा आला, आणि कराडच्या अलीकडं मी सायकल आडवी टाकून शेताच्या बांधावर बसले. ह्यांना म्हणाले, "झालं माझं." ह्यांनी कॅरिअरची पिशवी उघडली, चपला काढल्या आणि माझ्यासमोर धुळीत नीट ठेवल्या. मी त्यांना अशी शिवी दिली, की इथं लिहिता येत नाही, आणि उठून सायकलवर बसले.

दुपारी दीडला गुऱ्हाळावर पोचलो. आई दारातच होती. टाचेला पट्टी, पायात काही नाही. माझ्याकडं तिनं नुसतं बघितलं, मग सायकलकडं, मग परत माझ्याकडं. तराजूच्या धास्तीनं मी माहेरी फिरकलेच नव्हते, त्यामुळं वर्षभरात तिनं मला पाहिलं नव्हतं, आकडेच ऐकले होते. "एवढीशी झालीस," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

"कुठाय तुझा तराजू?" मी विचारलं.

आढ्याखाली सगळी तयारी होती. एका पारड्यात पांढरं धोतर अंथरून अकरा ढेपा आणि दोन भेल्या तिनं आधीच मांडून ठेवल्या होत्या. भारानं ते पारडं जमिनीला टेकलं होतं आणि दुसरं रिकामं वर लटकत होतं. शेजारी काठी टेकून आप्पा. ऐंशी पार केली, पण तराजूचा मान अजून त्यांचाच. चुलाणावरची माणसं हातातलं टाकून गोळा झाली. अगदी तेव्हासारखीच! मी आईच्या टाचेकडं बघितलं आणि भावाच्या खांद्याचा आधार घेऊन चढून बसले.

आणि काही झालंच नाही. पारडं जागचं हललं नाही. समोर एकशे बारा किलो गूळ जमिनीला चिकटून बसला होता आणि मी वर, हवेत, झोपाळ्यावर बसल्यासारखी. पाय लोंबकळत होते. आयुष्यात पहिल्यांदा तराजूच्या वरच्या बाजूला मी! मला इतकं हसू फुटलं, की साखळ्या खळाखळा वाजायला लागल्या. मी पाय हलवून झोका घेतला.

आप्पा मान वर करून बघत होते. म्हणाले, "हिला आता ढेप म्हणता येत न्हाई रं. भेली म्हणाया पायजे."

"आप्पा, आता तुम्ही बसा, तुमची करू या काकवी," मी म्हणाले. सगळे हसले, आप्पा सगळ्यांत जोरात. तीस वर्षं मी ज्या हसण्याला भीत होते ते एवढंच होतं.

हसली नाही ती आई. आप्पा तिला म्हणाले, "चार ढेपा उतरवू. भार म्हंजी आत्ताचा भार. देव काय वाणी हाय व्हय?"

"न्हाई." आईनं मान हलवली. "बोलले तवा एकशे बारा व्हती. देवाला शब्द त्या लेकीचा दिलाय. निम्मीच लेक वाचली व्हय माझी?"

भाऊ म्हणाला सायकल ठेवू या पारड्यात, पण लोखंडाचा गूळ देव कसा घेईल, म्हणून ती बातही मागं पडली. मी वरनं आईकडं बघत होते. वाळलेले खांदे, पोटाला चिकटलेलं लुगडं. मी हात पुढं केला.

"ये. तू बस माझ्याजवळ."

"मी? माझा काय संबंध?"

"मी कुणाची? तुझ्याच अंगाचा भार ना? ये गुमान."

ती न्हाई न्हाई करत होती, पण भावानं तिला लहान मुलासारखी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पारडं हललं. हळूहळू खाली आलं, समोरच्या ढेपा जमिनीवरनं सुटल्या, दांडी डुलली, आणि आमची बाजू किंचित खाली झुकली. आप्पांनी समोर आणखी एक भेली ठेवली. दांडी सरळ झाली.

"एकशे तेरा," आप्पा म्हणाले. "देवाला किलोभर चढच."

आई हात जोडून पुटपुटत होती. मी मात्र तिला धरून सुन्न बसले होते. सकाळी मी बहात्तर भरले होते. म्हणजे आई एक्केचाळीस. मला माझ्या वजनाचा गेल्या तीस वर्षांतला प्रत्येक किलो पाठ होता, आणि जिनं मला उभ्या गावादेखत फैलावर घेतलं, जिच्या आवाजानं बैल थांबायचे, ती माझी आई एवढीशी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते अख्खं माणूस आज माझ्या मांडीवर बसलं होतं. मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडले. तीही रडली, मग म्हणाली, "उतर आता, लोक बगत्यात."

गूळ टेंपोत चढला. भाऊ आणि हे तो घेऊन तसेच म्हसवडला निघाले. देवाच्या नावानं गूळ हलला म्हणजे नवस फिटला, असं आप्पांनी सांगितल्यावर मी आईला बाकड्यावर बसवून तिच्या पायात चपला घातल्या. सुजलेल्या टाचेला जरा घट्ट झाल्या, पण बसल्या. घर तिथनं किलोमीटरभर, आणि त्या पायानं तिला मी चालू देणार नव्हते.

"बस मागं."

"सायकलीवर? या वयात? लोक काय म्हणतील?"

"ढेप म्हणतील. बस."

ती एका अंगाला पाय सोडून कॅरिअरवर बसली, माझ्या कमरेला गच्च धरून. मी पायडल मारलं. सायकलवर परत एकशे बाराच्या वर भार झाला होता, पाटाच्या कडेनं रस्ता खडबडीत होता, मांड्या सकाळपासनं बोंबलत होत्या. सायकल निघाली. थोडं पुढं गेल्यावर मागनं बारीक आवाज आला.

"लय जड व्हतीया का गं मी?"

"छे गं. एवढं तर मी वीस वर्षं घेऊन फिरत होते."

माझ्या पाठीवर तिनं चापट मारली. "मग हाण की जोरात. घरी पिठलं गार व्हाया लागलंय. चार घास तर चार घास, पर गरम खा."